दम किती आहे, ते मोजायचे कसे?

दसऱ्याच्या आसपास पुसद तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आटोपते आणि शेताशेतांत थ्रेशर लागतात. कुटाराच्या भुकटीचे लोट उठतात, आणि तोंडाला दुपट्टा बांधलेले मजूर दिवसभर त्यात उभे असतात. मग कापूस येतो, जिनिंग सुरू होते, थंडी पडते. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या या गावात चुलींचा नि शेकोट्यांचा धूर सकाळी उशिरापर्यंत खालीच रेंगाळतो. ज्यांची छाती आधीच नाजूक आहे त्यांना हे चार-पाच महिने जड जातात. दवाखान्यात गेल्यावर त्यांचे रक्त तपासले जाते, एक्स-रे निघतो, ईसीजी निघतो. फुंकून करायची तपासणी मात्र बऱ्याच जणांच्या फायलीत सापडत नाही. बीपी आणि साखरेचे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. फुप्फुसाचा आकडा विचारा, कोणी सांगणार नाही. तो आकडा कसा काढतात, घरच्या घरी त्यातले किती कळते आणि कशावर विश्वास ठेवू नये, ते इथे सांगतो.

आधी श्वास चालतो कसा ते पाहू. फुप्फुस स्वतःहून फुगत नाही. त्याला फुगवणारे स्नायू त्याच्या बाहेर असतात. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आडवा पसरलेला असतो. तो आकसला की घुमट खाली बसतो, बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर उचलतात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत शिरते. लोहाराचा भाता उघडला की हेच होते. म्हणून खोल श्वास घेताना पोट पुढे यायला हवे. ‘छाती बाहेर, पोट आत’ असे सांगून मुलांना दीर्घ श्वास घ्यायला लावणारे मास्तर उलटे शिकवतात. पोट आवळून धरले तर श्वासपटलाने उतरायचे कुठे?

निवांत बसलेल्या माणसाला श्वास सोडताना काहीच करावे लागत नाही. ताणलेले फुप्फुस आपल्या लवचीकपणाने आकसते आणि हवा निघून जाते. कष्ट पडतात ते जोराने सोडताना, किंवा आतल्या नळ्या अरुंद झालेल्या असतील तेव्हा. दम्याच्या रोग्याला वाटते की श्वास आत जात नाही. प्रत्यक्षात आधीची हवाच पुरती बाहेर पडलेली नसते, मग नव्या हवेला जागा कुठून होणार? एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या सगळ्या तपासण्या श्वास सोडण्यावर का बेतल्या आहेत ते कळते.

प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत येते. तिच्यातली दीडशे मिलीलिटर नाक, घसा आणि नळ्यांतच अडकून परत जाते. रक्तापर्यंत ती पोहोचतच नाही. भरभर, उथळ श्वास म्हणूनच तोट्याचे असतात: मेहनत दुप्पट, हवा निम्मी. उरलेली हवा नळ्यांच्या वीस-बावीस फाट्यांमधून वायुकोशांत उतरते. हे वायुकोश तीस कोटींच्या वर असतात आणि सगळे उलगडून पसरले तर सत्तरेक चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. आत येणाऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर जाणाऱ्या हवेत १६ टक्क्यांच्या आसपास.

पूर्ण छाती भरून घेतली आणि मग अगदी शेवटपर्यंत सोडली, तर जेवढी हवा बाहेर पडते तिला जैविक क्षमता म्हणतात. मध्यम बांध्याच्या आपल्याकडच्या तरुण पुरुषात ती तीन ते चार लिटर, बाईत दोन ते तीन लिटर असते. उंच माणसाची जास्त, वय वाढेल तशी कमी. कितीही जोर लावला तरी लिटरभर हवा आत राहतेच. ती फुंकून मोजता येत नाही. तिच्यासाठी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत काचेच्या बंद खोलीसारखे वेगळे यंत्र असते.

आता खोट्या परीक्षांकडे वळू, कारण त्या फार पसरल्या आहेत. कोरोनाच्या दिवसांत मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. लाल ठिपका गोल फिरेपर्यंत श्वास रोखून धरला तर म्हणे तुमची फुप्फुसे ठणठणीत. श्वास किती वेळ रोखता येतो हे मुख्यतः रक्तात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूला किती सहन होतो यावर ठरते. सरावाने ते वाढते. विहिरीत बुड्या मारणारे पोर मिनिटभर श्वास रोखील, म्हणून त्याच्या नळ्या मोकळ्या आहेत असे होत नाही. उलट, श्वास न रोखता येणाऱ्याची फुप्फुसे उत्तम असू शकतात.

त्याच काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर चांगला आहे, पण तो क्षमता मोजत नाही. फुप्फुसाची निम्मी ताकद गेल्यावरही बसल्या जागी तो ९६-९७ दाखवू शकतो, आणि माणूस ‘आपल्याला काही नाही’ म्हणत बिडी पेटवतो. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा आणखी बेभरवशाचा. तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्रही अनेकांनी तेव्हा घेतले. त्यावर ६००, ९००, १२०० असे लिहिलेले असते आणि लोक त्याला फुप्फुसाचा आकार समजतात. तो श्वास आत ओढण्याचा वेग आहे, सेकंदाला इतके मिलीलिटर. ऑपरेशननंतर फुप्फुस उघडे राहावे म्हणून करायचा तो व्यायाम आहे, तपासणी नाही.

मोजायचेच असेल तर जुना आणि प्रामाणिक मार्ग पाण्याचा. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली पाण्यावर उलटी ठेवलेली टाकी आणि तिला जोडलेली नळी असे यंत्र वापरून २,१३० जणांचा श्वास मोजला. माणसाची उंची वाढते तशी त्याची क्षमता ठरावीक प्रमाणात वाढते, हे त्यानेच दाखवले. आजही तंत्रज्ञ नळी हाती देण्याआधी तुमची उंची विचारतो, ती यामुळे.

हे यंत्र शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अर्ध्या तासात होते. पाच लिटरची पारदर्शक कॅन घ्या. खाद्यतेलाची असेल तर साबणाने नीट धुवा. ती सरळ उभी ठेवून लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जा आणि दर अर्ध्या लिटरला तळापासून वर मार्करने रेघ मारा. काठोकाठ भरून झाकण लावा, मोठ्या टबात उलटी करा आणि झाकण पाण्याखालीच काढा. एकाने कॅन धरावी. बोटाएवढ्या जाडीच्या रबरी नळीचे एक टोक खालून आत सारा. बारीक नळी नको, तिच्यात हवा अडते. आता उभे राहून छाती पूर्ण भरा, नाक चिमटीत धरा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि संपेपर्यंत सोडा. हवा वर साठते, पाणी खाली उतरते, आणि सरळ कॅनवर तळापासून मारलेल्या रेघाच आता हवेचे लिटर सांगतात. अंगातली गरम हवा पाण्यात थंड होऊन थोडी आकसते, तेव्हा आकडा किंचित कमीच येतो. हा खेळ अंगणात करा, कारण चार लिटर पाणी टबाबाहेर जाणार आहे. प्रत्येकाच्या आधी नळीचे टोक धुवा, आणि खोकणाऱ्याला, छातीत दुखणाऱ्याला, नुकतेच ऑपरेशन झालेल्याला यात ओढू नका.

कॅनला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे वेग. दम्याचा माणूस सावकाश फुंकून तीन लिटर भरून दाखवील आणि निरोगी ठरेल. १९४७ साली फ्रान्समधल्या रॉबेर तिफनो यांनी ही फट बुजवली. पूर्ण श्वास भरून जिवाच्या आकांताने सोडायचा आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघायचे. निरोगी तरुण माणूस तीन-चतुर्थांशाहून अधिक हवा त्या पहिल्या सेकंदातच फेकतो. नळ्या अरुंद झालेल्याला तेवढ्यासाठी कितीतरी जास्त वेळ लागतो. जुने डॉक्टर जळती काडी वीतभर अंतरावर धरून, ओठांचा चंबू न करता, उघड्या तोंडाने विझवायला सांगत. काडी विझली नाही तर पुढची तपासणी. छाती रिकामी व्हायला सहा सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तरी शंका घ्यायची. या दोन्ही युक्त्या संशयापुरत्या. निदान त्यावर होत नाही.

निदानाच्या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात, बोली भाषेत ‘फुंकायची टेस्ट’, चिठ्ठीवर ‘पीएफटी’. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. नाहीच झाली तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा उररोग विभाग आहे. एवढी एसटी करायची की नाही, याची कसोटी माझ्या मते सोपी आहे. वयाची पस्तिशी-चाळिशी उलटली आहे आणि बिडी ओढता, किंवा वर्षानुवर्षे तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे बसलात, जिनिंगमध्ये काम केले, कधी क्षयरोग होऊन बरा झाला, महिनोन्‌महिने खोकला आहे, तर एकदा जाच. माहूरच्या रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना सगळ्यांनाच धाप लागते, त्याचे काही नाही. सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या सोबत्याच्या बरोबरीने चालता येत नसेल, मध्ये थांबावे लागत असेल, तर ते वयामुळे होते असे समजून घरी बसू नका. चुलीपुढच्या बायका हमखास तसे समजतात. ‘बिडी तर कधी ओढली नाही’ म्हणून त्यांच्या नळ्यांचा आजार कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पंप थांबवावा लागतो. लवकर आराम देणारा साल्ब्युटामोलचा साधारण चार ते सहा तास, लांब काम करणारे त्याहून जास्त. दम वाढला तर मात्र पंप घ्या आणि तसे तिथे सांगा. भरपेट जेवून जाऊ नका, तासभर आधीपासून बिडी-सिगारेट नको, कमरेला पट्टा किंवा लुगडे आवळलेले नको. कवळी नीट बसत असेल तर तोंडात राहू द्या. ती काढली की गाल आत जातात आणि ओठांच्या फटीतून हवा निसटते. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, मोतीबिंदूचे किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, थुंकीतून रक्त जात असेल, क्षयाचे उपचार चालू असतील, तर आधी सांगा. तपासणी पुढे ढकलतात. पाठीला बाक आला असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून वाव मोजतात.

नाकाला चिमटा लावतात, ताठ बसवतात. आता जेवढी मावेल तेवढी हवा भरायची, नळीवर ओठ मिटायचे आणि एका दणक्यात सोडायची. मग खरी परीक्षा: हवा संपली असे वाटल्यावरही सोडतच राहायचे, निदान सहा सेकंद. तंत्रज्ञ ‘अजून, अजून, अजून’ असे ओरडतो, ते रागावून नव्हे. न ओरडणाऱ्या तंत्रज्ञाचा रिपोर्ट मी जरा संशयानेच बघेन. किमान तीन नीट फुंकी लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात, दीडशे मिलीलिटरच्या आत. घेरी आली, खोकला आला तर थांबून पुन्हा. नंतर पंपाचे औषध देऊन पंधरा मिनिटांनी सगळे परत करतात. हा दुसरा भाग कंटाळून सोडू नका. औषधाने नळ्या किती उघडतात ते त्यातच कळते, आणि दमा की बिडी-धुराचा जुनाट आजार हे ठरवायला त्याचीच मदत होते.

रिपोर्टवर आकड्यांची गर्दी असते, पण बघायचे आहेत तीनच. एफव्हीसी म्हणजे एकूण फुंकलेली हवा. एफईव्ही-वन म्हणजे पहिल्या सेकंदातली. तिसरा या दोघांचा भागाकार. समजा एकूण ३ लिटर आणि पहिल्या सेकंदात १.५, तर प्रमाण ५० टक्के. पंप घेतल्यावरही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिले तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे असे मानतात. दुसऱ्या कोणाची एकूण हवाच २ लिटर, पण त्यातली १.७ पहिल्या सेकंदात बाहेर, प्रमाण ८५ टक्के. याच्या नळ्या मोकळ्या आहेत, फुप्फुसच आखडलेले किंवा छातीचा पिंजरा जखडलेला असावा. जुन्या क्षयाच्या व्रणांनी यांपैकी काहीही होऊ शकते. बाजूच्या रकान्यात ‘अपेक्षित’ आकडा असतो, तो वय, उंची आणि लिंग बघून यंत्र काढते. इथे एक प्रश्न जरूर विचारा: यंत्रात भारतीयांची मानके निवडली आहेत का? आपल्या फुप्फुसांचे सरासरी आकारमान युरोपीयांहून कमी भरते. त्यांची मानके लावली की धडधाकट माणूसही कागदावर आजारी दिसतो. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांची मोजणी करून १९८७ साली आपली मानके प्रसिद्ध केली ती याचसाठी.

घरी रोज मोजायचे असेल तर पीक फ्लो मीटर नावाची हातभर लांबही नसलेली नळी मिळते. ती फक्त फुंकीचा सर्वाधिक वेग दाखवते, पण दम्याच्या रोग्याला तेवढे पुष्कळ होते. बरे वाटत असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. पुढे आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आला तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध वाढवायची वेळ, ५० च्या खाली आला तर दवाखाना, त्याच दिवशी. हे यंत्र कामाच्या जागेवरचा चोरही पकडते. कामाला जाण्याआधी आणि परतल्यावर फुंकायचे, सुट्टीच्या दिवशीही फुंकायचे. कापसाच्या धुळीचा एक आजार आहे, बिसिनोसिस. कताईच्या गिरण्यांतून तो प्रथम नीट ओळखला गेला. आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत हलके वाटते, ही त्याची सुरुवातीची खूण. मुकादम त्याला कामचुकारपणा समजतो.

सोयाबीनच्या धुळीला मात्र आपण फारच हलके घेतो. स्पेनच्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी एकाएकी दम्याच्या रोग्यांनी इस्पितळे भरून जात. माणसे दगावलीही. शोध घेता घेता कळले की ते दिवस बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवण्याचे होते. धान्याच्या कोठारावर गाळण्या बसवल्या आणि त्या साथी थांबल्या. शेंगेच्या नि दाण्याच्या सालातली प्रथिने हे त्याचे कारण होते. ते शहर बंदरापासून दूरवर पसरलेले होते. आपला मजूर थ्रेशरच्या तोंडाशी उभा असतो. दुपट्टा मोठा कचरा अडवतो, बारीक धूळ नाही. एन-९५ मुखपट्टी, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, आणि घरात दम्याचे कोणी असेल तर त्याला त्या दिवशी मळणीपासून लांब ठेवणे, एवढे तरी करता येते. फवारणीचे गणित आणखी वेगळे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण गेले. फवारल्यावर लाळ-पाणी सुटणे, छाती दाटणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे असे झाले तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन थेट रुग्णालय गाठा.

लहान मुलांना फुंकायची तपासणी साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत जमत नाही. त्यांचे श्वास मोजायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या दाया आणि आरोग्यसेवकांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले, तेव्हा ज्यांना मोठी मोजदाद येत नव्हती त्यांच्यासाठी मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ असलेले साधन केले. दहापर्यंत मोजायचे, एक मणी सरकवायचा. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या कामात बालमृत्यू घटल्याचे दिसले. तुमच्याकडे मोबाइलचे घड्याळ आहे. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा; पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले आणि सोबत खोकला असेल, तर आशाताईंना हाक मारा किंवा सरळ दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसूच नका.

मोठ्यांनी एक सवय लावून घ्यावी. तिशीनंतर निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा दरवर्षी पंचवीस-तीस मिलीलिटरने घटते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी अनेकांची त्याच्या दुपटीने. एका रिपोर्टवरून ही घसरण दिसत नाही, दोन-तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की दिसते. म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी, वर्षाच्या एकाच सुमाराला, सोयाबीन निघण्याआधी ही तपासणी करवून घ्या आणि नव्या डॉक्टरकडे जाताना जुने कागद सोबत न्या. काही यंत्रांचा रिपोर्ट एटीएमच्या पावतीच्या कागदावर येतो आणि वर्षभरात त्यावरची अक्षरे उडून जातात. घरी परतण्याआधीच त्याची झेरॉक्स काढून घ्या.